पीत नाही, तरी एवढे किस्से कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नात, वास्तुशांतीला, अगदी बाराव्याच्या जेवणातही कोणीतरी बाजूला घेऊन मला हेच विचारतं, "तुम्ही थेंबही घेत नाही म्हणता, मग दारूचे एवढे किस्से तुमच्याकडे कुठून?" विचारताना डोळ्यात जरा संशय असतो. हा गुपचूप घेत असणार, अशी खात्री असते.

मी घेत नाही. माझा धंदा कागदांचा आहे. ठाण्यात परमिट रूम, वाईन शॉप, देशी दारूची दुकानं यांची लायसन्सं, रजिस्टरं आणि नूतनीकरणाची प्रकरणं मी सांभाळतो. मार्च महिन्यात तर माझ्या टेबलावर एफएल-२ (वाईन शॉप), एफएल-३ (परमिट रूम), सीएल-३ (देशी दारूचं दुकान) अशा फायलींचे ढीग लागतात. इतकी वर्षं हे केल्यावर माझं एक ठाम मत झालंय. दारूच्या विनोदात पिणाऱ्याचा वाटा फार थोडा. खरी गंमत करतात ते न पिणारे.

पिणाऱ्याचं भांडवल बघा ना. "आपल्याला चढत नाही." "तू माझा सख्खा भाऊ आहेस." मग इंग्रजी. मग बिलावरून झटापट, आणि शेवटी "लास्ट". मी हिशेब तपासायला गल्ल्याशेजारी बसायचो तेव्हा पुढचं वाक्य कोणतं येणार हे मला आधीच कळायचं, आणि वेटरला तर कुठल्या पेगला येणार तेही कळायचं. त्याच त्या नाटकाचा रोज रात्रीचा प्रयोग, त्यात हसायचं किती?

शुद्धीवरची माणसं मात्र कधी निराश करत नाहीत. सुरुवात कायद्यापासूनच करू. आपल्या राज्यात ज्या कायद्याखाली दारू विकायचं लायसन्स मिळतं, त्या कायद्याचं नाव आहे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. साल १९४९. म्हणजे तुमच्या नाक्यावरचा बार, त्याच्या शेजारचं वाईन शॉप (जिथे वाईन शोधावी लागते), पलीकडचं 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान', सगळं चालतं ते दारूबंदीच्या कृपेने. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९५० मध्ये मुंबई राज्यात पूर्ण बंदी आली. साठच्या दशकात ती सैल करत आणली, पण कायदा मोडीत काढायचं धाडस कोणी केलं नाही. बंदी तशीच ठेवली आणि तिला परवान्यांच्या खिडक्या पाडल्या. 'परमिट रूम' ही पाटी त्याच खिडकीवरची. पूर्ण बंदीच्या काळात मुंबईच्या गल्लीबोळात चोरटी दारू विकणाऱ्या 'आंटी'चे अड्डे फोफावले. काळा गूळ, नवसागर आणि सडकी फळं यांच्यावर शहराची तहान भागत होती, हेही या बंदीच्याच खात्यात लिहायचं.

बंदी आल्याआल्या एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. माझ्या मते मुंबईच्या मद्य-इतिहासातला हा सर्वांत देखणा माणूस. त्यांना व्हिस्की, ब्रँडी, वाईन, बिअर बाळगायचा आणि वापरायचा हक्क हवा होता, आणि त्याच यादीत कोलन वॉटर नावाचं सुगंधी पाणीही होतं. कारण कायद्याने मद्यार्क म्हटला की तो पोटात जातोय की रुमालावर, हे बघितलंच नव्हतं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी बहुतांशी कायम ठेवली, पण औषधं आणि प्रसाधनं तिच्यातून सोडवली. व्हिस्की अडकली, अत्तर सुटलं.

आता तुमच्या पुढच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो येतोच. प्यायला खरंच परवाना लागतो का? लागतो. विकत घ्यायला, जवळ बाळगायला, वाहून न्यायला आणि प्यायला. एक दिवसाचा विदेशी मद्यासाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये. वर्षाचा १०० रुपये, आजीवन १००० रुपये. आणि हा परवाना ज्या नियमाखाली मिळतो त्यात कारण काय दिलंय? प्रकृतीचं रक्षण आणि जोपासना. बाटलीवर छापलेलं असतं की मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. म्हणजे ग्राहकाच्या एका हातात आरोग्यासाठी परवाना आणि दुसऱ्या हातात आरोग्याला अपाय. दोन्हींवर महसूल. हाच कायदा वारशाने गुजरातकडेही गेला. तिकडे आरोग्य परवान्यावर जसं वय वाढतं तशी महिन्याची बाटल्यांची मर्यादाही वाढते. म्हातारपणाची एवढी काळजी दुसऱ्या कुठल्या योजनेत घेतलेली मला माहीत नाही.

वयाचं म्हणाल तर आपल्याकडे बिअर-वाईनला २१ आणि कडक मद्याला २५. म्हणजे पोरगा २१व्या वर्षी बोहल्यावर चढू शकतो, सरपंच होऊ शकतो, पण व्हिस्कीसाठी त्याने अजून चार वर्षं थांबायचं. आमदार व्हायची किमान अट २५ आणि व्हिस्कीचीही २५. ही सांगड कोणी मुद्दाम घातली असेल असं मला वाटत नाही, पण सापडल्यापासून मी ती कोणाला सांगायची सोडत नाही.

एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं परमिट रूमवाला घाऊक विकत घेतो. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव लिहून पान फाडायचं, असा नियम. आता रात्री साडेनऊला टेबलं भरलेली असताना "साहेब, आपलं पूर्ण नाव, वय, पत्ता?" असं विचारून बघा. एका ठिकाणचा मॅनेजर हे काम दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत करायचा. स्वतः पक्का माळकरी, कपाळाला बुक्का. नावं सुचेनाशी झाली की ड्रॉवरमधून एक लग्नपत्रिका काढायचा आणि खाली 'आपले नम्र' म्हणून जी भलीमोठी यादी असते ती ओळीने उतरवायचा. मी रजिस्टर चाळताना विचारलं, "हे एकाच आडनावाचे सतरा लोक एकाच रात्री?" तर शांतपणे म्हणाला, "एकत्र कुटुंब आहे." त्या पत्रिकेतल्या सगळ्यात वरच्या आजोबांचं नाव महिन्यातून निदान दोनदा यायचं. आजोबा कोण, कुठले, हयात तरी आहेत का, देव जाणे. सरकारदरबारी त्यांची प्रकृती उत्तम राखली जात होती.

मग आले ५०० मीटर. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. २० हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांना पुढे २२० मीटरची सवलत मिळाली. १ एप्रिल २०१७ला शटरं खाली आली आणि राज्यभर एकाच खेळाला सुरुवात झाली: मोजणी. अंतर सरळ रेषेत धरायचं की चालायच्या वाटेने? केरळात एका बारने दारापर्यंत भिंतींचा चक्रव्यूहच उभारला. बार होता तिथेच, फक्त गिऱ्हाइकाने वळसे घेत घेत जायचं. आपल्याकडे काही शहरांतले रस्तेच महामार्गाच्या यादीतून काढून स्थानिक संस्थांकडे सोपवायच्या हालचाली झाल्या. दुकान हलेना, तर रस्ता हलवा! माझ्या एका पक्षकाराने पुढचं दार विटा लावून बुजवलं आणि मागच्या बोळात नवं उघडलं. मी टेपचं एक टोक धरलंय, दुसरं त्याच्या मेव्हण्याच्या हातात, आणि आम्ही पिठाची गिरणी, गणपती मंदिर, उघडं गटार असं करत चाललोय. तिथे एक पेन्शनर आजोबा भेटले. म्हणाले, "रस्तारुंदी का?" मेव्हणा म्हणाला, "नाही आजोबा, अंतर वाढवतोय." पुढे न्यायालयाने खुलासा केला की शहरी हद्दीत ही अट लागू नाही, आणि पक्षकाराने बुजवलेलं दार पुन्हा फोडलं. विटांचं बिल माझ्याकडे आहे, ते कुठल्या खर्चात टाकायचं यावर आमची बरीच चर्चा झाली.

पण या सगळ्यात माझ्या मनातलं पहिलं बक्षीस जातं बायकांना. गावातलं दुकान बंद करायचं असेल तर आपल्या राज्यात मतदान घेता येतं. महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उमेदवार दोनच, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. यादीतल्या निम्म्याहून जास्त मतदारांची मतं आडवीला पडली की शटर कायमचं खाली. ही चिन्हं ज्या कोणा अधिकाऱ्याला सुचली त्याला मी ओळखत नाही, पण त्याचा सत्कार व्हायला हवा होता. कारण संध्याकाळी घरातला जो माणूस आडवा होतो, त्याच्याच बाटलीला आडवं पाडायचा शिक्का त्याच घरातल्या बाईच्या हातात. मी धंद्यानिमित्त अर्थातच उभ्या बाटलीच्या बाजूचा. एका गावात मतमोजणीला गेलो होतो, तर बाहेर बायका डबे घेऊन बसलेल्या, भाकरी-ठेचा खात. एकीने मलाही भाकरी दिली आणि विचारलं, "तुमची कुठली, उभी का आडवी?" मी म्हटलं, "मी पीत नाही." ती म्हणाली, "मग हिकडं या बसायला, तिकडं काय करताय?" दुकान गेलं. पक्षकाराने माझी फी मात्र उभ्याउभ्याच दिली.

हे हसण्यावारी नेलं तरी त्या बायकांना ते का करावं लागतं हे मला ठाऊक आहे. त्यांच्या घरातले किस्से माझ्याकडे आहेत, पण ते मी लग्नात सांगत नाही.

आमचं मूळ गाव सावंतवाडी तालुक्यात. गोव्याहून परतताना बांद्याजवळ इन्सुलीचा नाका लागतो, तिथे उत्पादन शुल्कवाले गाडी तपासतात. गोव्याची स्वस्त बाटली इकडे चालत नाही. एकदा आम्ही देवदर्शन करून टेम्पो ट्रॅव्हलरने येत होतो. गाडीत बाटल्या होत्या, कोणाकोणाच्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. नाका दिसला तसे पिणारे निवांत झोपेचं सोंग घेऊन पडले. घाम फुटला तो न पिणाऱ्यांना. माझी मावशी, जिने आयुष्यात लिमलेटच्या गोळीपलीकडे नशा केली नाही, ती अधिकारी चढल्या चढल्या उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्याकडे दोन बाटल्या आहेत." गाडीत सन्नाटा. अधिकाऱ्याने पिशवी उघडली. कोकमाचं आगळ. त्याने बूच काढून वास घेतला, दुसऱ्या बाटलीचाही घेतला, आणि एवढ्या प्रामाणिक बाईच्या गाडीत आणखी काय बघायचं म्हणून खाली उतरला. मागच्या सीटवरून एक घोरणारा माणूस हळूच म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षी पण तुम्हीच."

आणि राखण. आमच्याकडे वर्षातून एकदा शेताच्या राखणदाराला, देवचाराला मान द्यायचा असतो. नारळ, कोंबडा, विडी आणि दारू. गाऱ्हाणं घालणारे आमचे काका स्वतः कडक शाकाहारी, चहासुद्धा बिनदुधाचा. पण देवचाराच्या बाबतीत त्यांच्यासारखा जाणकार नाही. अमक्या साली देशी ठेवली तेव्हा रानडुकरांनी भात आडवं केलं, तमक्या साली माडाची ठेवली तेव्हा काही झालं नाही, असा त्यांच्याकडे पक्का हिशेब आहे. "बा देवा म्हाराजा" म्हणून ते सुरुवात करतात, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणतो, आणि पानावर धार सोडताना ते मान मागे घेतात, वास सहन होत नाही म्हणून.

ती बाटली न्यायचं काम माझ्याकडे. त्यासाठी मी १००० रुपये भरून आजीवन परवाना काढलाय. हो, माझ्या नावावर, प्रकृतीच्या रक्षणासाठी. गोव्याची नको म्हणून सावंतवाडीतल्या दुकानातून घेतो आणि धंद्याची सवय म्हणून पक्कं बिल मागतो. गेल्या खेपेला पिशवीतून बाटलीबरोबर बिलही बाहेर आलं. काकांनी चष्मा वर करून ते वाचलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "ह्या बिल कशाक रे? देवचार काय टॅक्स भरतलो?"