मास्तर, यात ‘सा’ कुठे आहे?

म्यूझस्कोअर या संगणकावर स्वर लिहिण्याच्या विनामूल्य प्रणालीचे मराठी चित्रफीत-धडे मी बेळगावात बसून तयार करतो. मागच्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका भजनी मंडळाने आपल्या चाली लिहून ठेवण्यासाठी मला बोलावले, तेव्हा माझ्याजवळ चौदा धडे तयार होते आणि त्यांचा मला बऱ्यापैकी अभिमानही होता. समोर बसलेल्यांत पेटीवाले, तबलजी आणि फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. बँडवाल्यांना पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखन तोंडपाठ होते. बाकीच्यांनी ते कधी पाहिलेही नव्हते.

पहिल्या धड्यात मी नेहमीप्रमाणे सांगितले, की ‘एन’ दाबल्यावर स्वर लिहिण्याची अवस्था सुरू होते, ‘पाच’ दाबल्यावर एका मात्रेचा स्वर निवडला जातो आणि त्यानंतर स्वराचे अक्षर दाबायचे. पाचच का, असे तबलजींनी विचारले. चार म्हणजे अर्धी मात्रा, पाच म्हणजे एक, सहा म्हणजे दोन, सात म्हणजे चार, अशी ही दुपटीची चढण आहे, हे ऐकून त्यांची मान लगेच डोलली, कारण लयकारीचा हिशेब त्यांच्या अंगातच मुरलेला होता.

मग सत्तरीच्या पेटीवाले काकांनी हात पुढे केला. त्यांनी ‘एन’ दाबले, ‘पाच’ दाबले आणि ‘सा रे ग म’ गुणगुणत एका बोटाने एस, आर, जी, एम ही अक्षरे दाबली. पडद्यावर एकच स्वर उमटला आणि उरलेले 31 कोरे बार (उभ्या रेघांमधले मात्रांचे कप्पे) आकसून, वर आकडा असलेल्या एका जाड आडव्या पट्ट्यात जमा झाले. काका दचकून मागे सरले. “मास्तर, सगळं पुसलं का हो माझ्या हातनं?”

काहीच पुसले गेले नव्हते. या प्रणालीत एस म्हणजे स्वरांवर घालायची कमान, आर म्हणजे आधीचे पुन्हा लिहिणे आणि एम म्हणजे सलग रिकामे बार एकत्र गोळा करणे; उमटलेला एकमेव स्वर जी होता, म्हणजे पांढरी एक, अर्थात पाश्चात्त्य सी, हा षड्ज धरला तर तो गंधार नव्हे, पंचम. पुढे निषादापर्यंत पोहोचले असते तर एनने लिहिण्याची अवस्थाच बंद झाली असती. काकांनी एकही चूक केली नव्हती, कारण स्वराचे अक्षर दाबा असे मीच सांगितले होते. तीन वर्षांत या अक्षरांचा आणि सरगमीचा असा अपघात होऊ शकतो, हे माझ्या ध्यानात आले नाही, कारण इंग्रजी धड्यांचा क्रम मी जसाच्या तसा उचलला होता, आणि ते धडे ज्याला सी, डी, ई ही पाश्चात्त्य स्वरनावे येतात त्याच्यासाठीच असतात. माझे चित्रफीत-संपादक तर माझे थांबणे आणि अडखळणे कापून टाकतात, त्यामुळे नवख्याला जिथे श्वास घ्यायचा असतो नेमके तिथेच धडा धावत सुटतो.

बँडवाल्यांचे म्हणणे होते, की काकांनी आधी पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन शिकावे. त्यांचा अनुभव खरा असला, तरी हा उपाय मला पटला नाही. मी पडद्याच्या तळाशी पियानोची चित्रपट्टी उघडली आणि काकांना उंदराने (माऊसने) तिच्यावर बोट ठेवायला सांगितले. त्यांनी क्षणभर पट्ट्या न्याहाळल्या, आणि मग अभंगाची पहिली ओळ न विचारता लिहून काढली. मधला एक स्वर नको म्हणून खोडला, तेव्हा त्याच्या जागी तेवढ्याच मात्रेच्या विश्रांतीचे चिन्ह राहिले, त्यावर मात्र ते हसून म्हणाले, “बरोबर आहे, मात्रा कुठे जाणार?” हेच समजावण्यासाठी मी एक अख्खा धडा खर्च केला आहे.

ही चित्रपट्टी माझ्या नवव्या धड्यात होती. भराभर अक्षरे दाबून लिहिण्याचे कौशल्य मी कष्टाने कमावले होते, म्हणून ते आधी दाखवायचे आणि उंदराचे काम कमी प्रतीचे मानायचे, ही माझी हौस होती. शिकणाऱ्याला तिचा काही उपयोग नव्हता. घरी आल्यावर मी तो धडा उचलून पहिल्या जागी ठेवला आणि अक्षरे दाबण्याचा पाचव्यावर ढकलला.

आठवड्याने काकांचा फोन आला. दोन चाली लिहून झाल्या होत्या; पण चित्रपट्टीवर सा सोपा पडतो म्हणून त्या पांढरी एकमध्ये लिहिल्या होत्या आणि मंडळ गाते काळी दोनमध्ये. सगळे स्वर एकदम वर कसे न्यायचे, असे त्यांनी विचारले. त्यासाठी एक आज्ञा आहे, पण काळी दोनला रेघांवर डी शार्प आणि ई फ्लॅट अशी दोन नावे आहेत, आणि पेटीवर एकच. कोणते निवडायचे हे सांगताना मी अडखळलो. पट्टी बदलण्याचा धडा आमच्याकडे चौदावा आहे. तो आता दुसरा करावा काय, याचा विचार अजून चालू आहे.