चारच पाट्या
आज कृष्णवर्णीय अमेरिकन दिग्दर्शक ऑस्कर मिशोचा 'विदिन अवर गेट्स' (१९२०) हा मूकपट पुन्हा पाहिला. मधेच एक तुकडा गायब; तिथे नुसती खुलाशाची पाटी येते. कृष्णवर्णीयांच्या थिएटरांसाठी काढलेल्या या मूकपटांच्या प्रिंट मोजक्याच, त्याच गावोगाव फिरायच्या. प्रोजेक्टरच्या दात्यांनी कडेची भोकं फाटली की तेवढी फिल्म कापायची, टोकं चिकटवायची. सेन्सॉरची कात्री वेगळीच! त्यात नायट्रेट फिल्म. नीट ठेवली नाही तर आधी चिकट होते, मग भुगा.

'विदिन अवर गेट्स'ची एकच प्रिंट वाचली, तीही स्पेनमध्ये, 'ला नेग्रा' नावाने. मूकपटात संवाद आणि खुलासे पडद्यावर लिहून दाखवतात, त्या मूळ इंग्रजी पाट्या चारच उरल्या. बाकीच्या स्पॅनिशवरून परत इंग्रजीत आणल्या. तेव्हा मिशोच्या संवादांवर फार छातीठोकपणे बोलू नये. लिंचिंगचा प्रसंग मात्र वाचलाय. शिकागोत वाद पेटला होता तो यावरूनच.