उणे दोन अंश आणि अडीच किलोची बॅटरी

सकाळी पावणेसातला साउथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर पोचलो तेव्हा गाडीच्या काचेवर दव गोठलेलं होतं. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, पारा उणे २. मिशिगनमधले ट्रॅक हिवाळाभर बंद असतात, त्यामुळे आमच्या गिऱ्हाइकाचा हा वर्षातला शेवटचा दिवस. सत्तरीला टेकलेला माणूस, टर्बो बसवलेली जुनी मियाटा (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार), आणि तिचं ट्यूनिंग माझं. त्याने स्टार्टर मारला. इंजिन सुस्तपणे दोन-तीन फेरे फिरलं आणि डॅशबोर्डवरचा डिस्प्ले विझून पुन्हा लागला.

डिस्प्ले विझला तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी मात्र इंधनाच्या मागे लागलो.

गाडी ई-८५ वर, म्हणजे इथेनॉल आणि पेट्रोलच्या मिश्रणावर चालते. नावात ८५ असलं तरी पंपावर मिळणाऱ्या ई-८५ मध्ये इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असू शकतं. थंडीच्या दिवसांत मुद्दाम पेट्रोलचं प्रमाण वाढवतात. पेट्रोल म्हणजे अनेक घटकांचं मिश्रण, त्यातल्या हलक्या घटकांची कडाक्याच्या थंडीतही वाफ होते. इथेनॉल हा एकच पदार्थ, ७८ अंशांना उकळणारा. नुसतं इथेनॉल असेल तर साधारण १३ अंशांच्या खाली ठिणगीने पेट घेईल एवढी वाफच त्याच्यावर जमत नाही. शिवाय तेवढ्याच हवेला ई-८५ पेट्रोलच्या दीडपट लागतं, आणि वाफ होताना ते सिलिंडरमधलीच उष्णता ओढून घेतं. ब्राझीलमध्ये इथेनॉलच्या गाड्यांना बॉनेटखाली पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची, ती याच कारणासाठी. आणि आमच्या गिऱ्हाइकाने पॉवर जास्त मिळते म्हणून जुलैमधला ड्रम राखून ठेवलेला. सेन्सर इथेनॉल ८२ टक्के दाखवत होता.

दुसऱ्यांदा क्रँक केलं, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवलं, नाही लागली. ठिणगी पाडणारे प्लग इंधनाने ओले होतील म्हणून मी हात वर करून त्याला थांबवलं. हे थांबवणं अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

चारही प्लग काढले. टोकाला थेंब लटकत होते. टर्बोसाठी आम्ही थंड रेंजचे, म्हणजे स्वतः कमी तापणारे प्लग लावतो, ते लवकर भिजतात आणि सुकत लवकर नाहीत. हीट गनने एकेक सुकवला. बोटांना तोच वास, जो आमच्या सांगलीकडे गळीत हंगामात डिस्टिलरीच्या वाऱ्यावर यायचा. इथलं इथेनॉल मक्याचं, तिकडचं मळीचं, वास एकच. तेवढ्यात माझा सहकारी इंजिन चालू करायला फवारतात तो ईथरचा कॅन घेऊन आला. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. ईथर ठिणगीची वाट बघत नाही, कधीही पेटतं आणि पिस्टनच्या रिंगांची वाट लावतं. वीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाला हे सांगावं लागतं याचा मला संताप येतो.

प्लग लावेपर्यंत २५ मिनिटं गेली. तिसरं क्रँक, तीच रड. मग लॅपटॉप जोडून लॉग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने ठेवलेली नोंद, उघडला. क्रँक करताना व्होल्टेज ८.१.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, अडीच किलोची. आधीची शिशाची १४ किलोची होती. नव्या बॅटरीवर मोठ्या अक्षरात '२४ अँपिअर-तास', आणि खाली बारीक अक्षरात की हा आकडा शिशाच्या बॅटरीच्या तुलनेतला. आतली खरी क्षमता ८. ही लपवाछपवी या बाजारात सर्रास चालते आणि ती मला फसवणूकच वाटते. उन्हाळ्यात ही बॅटरी शिशाच्या बॅटरीपेक्षा जोरात क्रँक करते. गोठली की आतला रोध वाढतो आणि ती मान टाकते. पण करंट काढत राहिलं तर ती आतून गरम होते आणि पुन्हा जोर धरते.

म्हणजे बॅटरीला लागोपाठ वापर हवा होता आणि प्लगना विश्रांती. मी प्लगचं ऐकलं, आणि त्या २५ मिनिटांत दोन क्रँकमध्ये आलेली ऊब निघून गेली.

मी हेडलाइट लावायला सांगितले. मियाटाचे झाकलेले दिवे रखडत वर आले. डिस्प्लेवर १२.४. मिनिटभराने १२.५. पाच मिनिटांत १२.८. दिवे चालू असताना व्होल्टेज उतरायच्या ऐवजी चढत होतं! मग त्याला अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून क्रँक करायला सांगितलं. तसं केलं की आमचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, इंधन फवारणारे इंजेक्टर बंद ठेवतो: बॅटरी तापते, तेल फिरतं, प्लग भिजत नाहीत. पाच सेकंद. एक मिनिट थांबलो. पुन्हा पाच सेकंद, या वेळी १०.२ व्होल्ट. मग पाय काढून स्टार्टर मारला. एक सिलिंडर पेटला, मग दुसरा, आणि गाडी खोकत खोकत लागली. तोवर पहिली दोन सेशन्स हुकली होती.

खरी गोष्ट घरी आल्यावर सापडली. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उशिरा उघडतो. तो उशीर भरून काढायला ईसीयूत एक टेबल असतं. माझ्या फाइलमध्ये ९ व्होल्टच्या खालच्या सगळ्या ओळींत एकच आकडा होता, १.९ मिलिसेकंद. वर्कशॉपमध्ये २० अंशांत, चार्जर जोडून काम केलेलं. व्होल्टेज तिथपर्यंत कधी उतरलंच नाही, म्हणून मी त्या ओळी भरल्याच नाहीत. इंजेक्टर बेंचवर लावून ८ व्होल्टला मोजला: ३.२. क्रँकचा पल्स ९ मिलिसेकंदांचा, म्हणजे दर वेळी जवळपास सातवा हिस्सा इंधन कमी पडत होतं.

पण प्लग तर ओले होते. तो सातवा हिस्सा मिळाला असता तर गाडी लागली असती, की प्लगवर आणखी एक थेंब वाढला असता? लॉग मी दहा वेळा पाहिलाय. द्रव किती गेला ते त्यातून कळतं, वाफ किती झाली ते कळत नाही. टेबल दुरुस्त केलं, पण त्या सकाळचा हिशेब लागत नाही.

गिऱ्हाइकाने दोष बॅटरीला दिलाय. परत शिशाची लावायला तो तयार नाही. म्हणाला, अडीच किलोची तर आहे, एप्रिलमध्ये रात्री काढून हॉटेलच्या खोलीत घेऊन जाईन. उपाय चांगला आहे, मी तसं त्याला म्हटलंही. टेबलाबद्दल अजून सांगितलेलं नाही.