दिवसा दात, रात्री तोफखाना

“दिवसभर दातांचं एवढं बारीक काम करता, मग घरी येऊन परत बारीकच काम कशाला?” डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टपासून आमच्या जाऊबाईंपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालं आहे. एरवी मी “सवय आहे हो” म्हणून वेळ मारून नेते. पण तुम्ही विचारलंत आणि उत्तर ऐकायला थांबलातही, म्हणून नीट सांगते.

मी नाशकातल्या एका डेंटल लॅबमध्ये सिरॅमिस्ट आहे. रूट कॅनाल झाल्यावर दातावर जी कॅप बसते ती बहुतेक वेळा डॉक्टर बनवत नाहीत, आमच्यासारख्यांकडे बनते. आणि घरी करते ते म्हणजे युद्धखेळांतले छोटे सैनिक रंगवणं. हे खेळ टेबलावर खेळतात. दोन्ही बाजूंच्या फौजा मांडायच्या, कोण किती सरकला ते टेपने मोजायचं, गोळी लागली की नाही ते फासे टाकून ठरवायचं. एकोणिसाव्या शतकात प्रशियाचे लष्करी अधिकारी असा खेळ अभ्यास म्हणून खेळत. आता यातलं सगळ्यात मोठं नाव नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचं, आणि त्यांच्याकडे ऑर्क, राक्षस, अंतराळातले चिलखती शिपाई असं काय वाटेल ते मिळतं. येतं ते करड्या प्लास्टिकच्या तुकड्यांत. जोडायचं आणि रंगवायचं आपणच.

कॉलेजात असताना मी हे केलं होतं. एका मैत्रिणीच्या काकांनी इंग्लंडहून ऑर्कांचा डबा आणला होता. आम्ही दोघींनी ते हार्डवेअरच्या दुकानातल्या ऑइलपेंटने रंगवले. घरभर टर्पेंटाइनचा वास, आणि रंग एवढा जाड की ऑर्कांची नाकं बुजून गेली. पोस्टर कलरही लावून पाहिला, पण तो सुकल्यावरही पाणी लागलं की सुटतो; दुसरा हात द्यायला जावं तर पहिला ब्रशबरोबर निघून येतो. मग नोकरी लागली, लग्न झालं, डबा माळ्यावर गेला. यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्यांचेच छंद असे माळ्यावर जातात.

छंद परत आला तो झिर्कोनियामुळे, म्हणजे हल्ली कॅपसाठी वापरतात त्या कडक पांढऱ्या सिरॅमिकमुळे.

मी काम शिकले तेव्हा कॅप म्हणजे आत धातू आणि वर पोर्सेलीन. धातूचा करडेपणा झाकायला आधी ओपेक, मग दाताच्या आतल्या थराची, म्हणजे डेंटिनची पावडर, तिच्यावर बाहेरच्या इनॅमलची. पावडर लिक्विडमध्ये कालवायची, ब्रशने उचलून थर रचायचे, टिश्यूने पाणी ओढून घ्यायचं. भट्टीत पोर्सेलीन आक्रसतं, म्हणून दात मुद्दाम मोठा रचायचा. किती मोठा, हे हाताला कळायला वर्षं जातात. मानेशी पिवळसर, कडेला निळसर झाक, मधे नजरेला पडेल न पडेल अशी एखादी रेघ. या कामाचा ब्रश कोलिन्स्कीचा, म्हणजे सायबेरियन वीझल नावाच्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा. ओला केला की त्याचे केस आपोआप एका टोकाशी जुळतात आणि पोटात तो भरपूर पाणी धरून ठेवतो. असा ब्रश हातात घेतला की नायलॉनचा परत घ्यावासा वाटत नाही.

आता डॉक्टर तोंडात स्कॅनर फिरवतात, आमच्याकडे फाइल येते, मी स्क्रीनवर माउसने दात घडवते आणि मिलिंग मशीन झिर्कोनियाच्या पांढऱ्या डिस्कमधून तो कोरून काढतं. मग सुमारे १५०० अंशांच्या भट्टीत तोही चांगला वीस टक्क्यांनी आक्रसतो, पण किती मोठा कापायचा याचा हिशेब सॉफ्टवेअर करून मोकळं. शेवटी स्टेनने वरवर छटा, ग्लेझने चकाकी, केस रवाना. कॅप मजबूत होते, डॉक्टर खूश, पेशंट खूश, मालक तर फारच खूश. माझीही तक्रार नाही. समोरच्या दातांच्या काही केसेस अजून हाताने रचायला येतात, त्या दिवशी मी जेवणाची सुट्टीसुद्धा विसरते. पण दिवसातला ब्रशचा वेळ आटत गेला तो गेलाच. म्हणजे तुमच्या प्रश्नातला पहिला भागच आता खरा राहिलेला नाही. दिवसा मी माउस फिरवते.

हे झालं निम्मं उत्तर. दुसरं निम्मं मला स्वतःलाही बरंच उशिरा कळलं.

दाताच्या कामात यश म्हणजे कुणाच्या लक्षात न येणं. आमच्याकडे व्हिटा कंपनीचं शेड गाइड, म्हणजे दातांच्या छटांचे नमुने, असतं, ए१ पासून डी४ पर्यंत सोळा छटांचं. ए म्हणजे लालसर तपकिरी, बी लालसर पिवळ्या, सी करड्या, डी लालसर करड्या. शेजारच्या दाताशी छटा जुळवायची, तीही दिवसाच्या उजेडात, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला दात बाहेर उन्हात वेगळाच निघू शकतो. काम उत्तम झालं तर पेशंटच्या बायकोलाही आमचा दात कोणता ते ओळखू येऊ नये. इतकी वर्षं मी माझं काम लपवायला शिकले.

छोट्या सैनिकाला हे चालत नाही. तिथे खोटं बोलावं लागतं, तेही ठणकावून. माणूस लहान करता येतो, उजेड लहान करता येत नाही. खऱ्या माणसाच्या अंगरख्याची बोटभर खोल चुणी २८ मिलिमीटरच्या सैनिकावर जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर उरते. खोलीतला उजेड तिच्यात सहज शिरतो आणि सावली पडायची तेवढी पडतच नाही. अंगरख्याला प्रामाणिकपणे पांढरा रंग देऊन ठेवला, तर हातभर अंतरावरून तो नुसता सपाट दिसतो. म्हणून सावलीही आपणच रंगवायची, असेल त्याहून गडद, आणि उजेडही आपणच, पडेल त्याहून प्रखर. यासाठी आधी काळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारतात आणि सुकल्यावर वरच्या बाजूने पांढरा, म्हणजे सूर्य डोक्यावर असता तर कुठे काय उजळलं असतं ते रंगवण्याआधीच दिसतं. फेट्याच्या घडीत जवळजवळ काळा रंग भरायला सुरुवातीला माझा हात धजेना. लॅबमध्ये असं करून पाठवलं असतं तर संध्याकाळपर्यंत केस परत आली असती. इथे मात्र तीच घडी टेबलापलीकडून घडी म्हणून वाचता येते. रोज जे दाबून ठेवायचं तेच रात्री वाजवून सांगायचं, यात जी गंमत आहे ती नुसत्या बारीक कामात नाही.

सध्या टेबलावर असईचा तोफखाना आहे. २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई, आपल्या जालना जिल्ह्यातली, केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या रानात झालेली. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला जिंकला. त्याच्यामुळे इंग्लंडातले हौशी लोक ही लढाई टेबलावर आवडीने मांडतात. आपल्याकडे मात्र असई म्हटलं की कुठे आलं हे, इथपासून सुरुवात. मला त्यातले शिंद्यांचे गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे शिपाई, हवे होते. इंग्रजांचं पायदळ तोफा ताब्यात घेऊन पुढे गेलं, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेल्या गोलंदाजांनी उठून त्याच तोफा मागून त्यांच्यावर डागल्या. अशा माणसाचा चेहरा रंगवायला कुणाला आवडणार नाही?

डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं. समोरचा वरचा दात साधारण साडेआठ मिलिमीटर रुंद असतो, त्यात अशी दोन डोकी शेजारी शेजारी मावतात. बाजारातले त्वचेचे तयार रंग बहुतेक युरोपी कातडीच्या हिशेबाने केलेले असतात. ते गडद करत बसण्यापेक्षा मी उलटीकडून येते: तांबूस गडद तपकिरी सगळीकडे, त्यावर बर्न्ट सिएना, मग नाक, गालाचं हाड, खालचा ओठ, भुवईची कड एवढ्याच ठिकाणी सिएनात यलो ऑकर मिसळून. उजळ करायला पांढरा घालायचा नाही. सावळ्या कातडीत पांढरा गेला की माणूस राख फासल्यासारखा दिसतो. ऑकर घातला की उन्हात उभा असलेला दिसतो. हे दोन्ही रंग साध्या हॉबी ॲक्रिलिकमध्ये मेन रोडवर कुठेही मिळतात. त्यांची पूड वाहेहो या स्पॅनिश कंपनीच्या रंगांइतकी बारीक नसते, म्हणून पाणी जास्त घालून दोनाऐवजी चार हात द्यावे लागतात, इतकंच.

डोळे मी सगळ्यात आधी करते, चुकले तर भोवतीचा चेहरा परत रंगवता येतो म्हणून. आधी मळकट पांढऱ्याची आडवी फट, मग तिच्यात वरून खाली एक गडद रेघ. ठिपका दिला की शिपाई भूत बघितल्यासारखा डोळे फाडून बघतो. रेघ पापण्यांखाली दोन्हीकडून दबते आणि नजर बसते. गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी ज्याच्या त्याच्या हातात देत नाहीत, त्याचं कारण मला या फटीने समजावलं. आणि यासाठी नंबरात शून्यावर शून्यं असलेला, म्हणजे सगळ्यात बारीक ब्रश घ्यायचा नाही. नवे लोक तोच आधी घेतात. त्यात रंग मावतो केवढा, तर डोळ्यापर्यंत नेईतो सुकणारा. एक नंबरचा ब्रश घ्या, टोक चांगलं हवं.

तोफेसाठी मी भांडी बाजारात जाऊन नुसती बघत उभी राहिले. (देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, तिथे जा, असं मला एकांनी सुचवलं होतं. ते मला आत घेणार, पितळी तोफ दाखवणार आणि वर चहा पाजणार!) पितळ पिवळं असतं ही आपली समजूत. दुकानातल्या घागरीकडे डोळे बारीक करून बघा: निम्म्याहून जास्त भाग तपकिरी, काही ठिकाणी हिरवट काळा, आणि जिथे दिवा पडतो तिथे थेट पांढरा. पिवळा मधे उरतो तो थोडाच.

चैत्र-वैशाखात नाशकात ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतो. त्यावर उपाय म्हणजे झाकणाचा पसरट डबा, तळाला ओला स्पंज, त्यावर स्वयंपाकघरातला बटर पेपर. कागदातून लागेल तेवढीच ओल वर येते आणि रंग दुसऱ्या दिवशीही ओला सापडतो. पावसाळ्यात उलटा त्रास, स्पंजला बुरशी धरते. मी डब्यात तांब्याच्या पत्र्याचा तुकडा टाकून ठेवते, तेव्हापासून वास येत नाही. स्प्रेच्या प्रायमरचं तर दोन्ही ऋतूंशी पटत नाही. कडक उन्हात थेंब हवेतच सुकतात आणि सैनिकावर रवाळ बसतात, दमट हवेत त्यावर पांढुरका धुरळा धरतो. घाऊक प्रायमर थंडीतच उरकावा.

मधल्या काळात या छंदात बरंच बदललं. गोलंदाज मी रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतले. लॅबमध्ये आम्ही दातांची मॉडेलं ज्या तऱ्हेच्या प्रिंटरवर छापतो तसल्याच. तेच हातमोजे, तोच आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा वास, तोच यूव्ही दिवा. आणि २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपने कॉन्ट्रास्ट नावाचे रंग काढले: एकच हात द्यायचा, रंग आपोआप खळग्यांत गडद उतरतो आणि उंचवट्यांवर फिका राहतो. पन्नास शिपाई एका दमात काढायचे तर झकास. पण सावली कुठे पडावी हे रंगानेच ठरवायचं असेल तर मी इथे कशाला बसू? झिर्कोनियावर स्टेन फिरवणं मला लॅबमध्येच पुरे होतं.

डोळ्यांचं म्हणाल तर चाळिशी लागलीच आहे. वयानुसार डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं धूसर होत जातं. बारीक काम केलं नसतं तरी ते व्हायचंच होतं. कामावरच्यासारखं डोक्याला लावायचं भिंग आणि डावीकडून पांढरा दिवा, एवढ्यावर भागतं. आणि “मन कसं शांत होत असेल ना?” असं कृपा करून विचारू नका. बंदुकीचा पट्टा रंगवताना हात घसरून झालेल्या चेहऱ्यावर काळी रेघ ओढली जाते तेव्हा माझ्या तोंडून जे निघतं ते शांत मनाचं नसतं.

खेळायला आमच्याकडे एकच गडी, माझा भाचा. त्याला असई नको, त्याला अंतराळातलं वॉरहॅमर ४०,००० हवं. म्हणून रविवारी मी जुने ऑर्क काढते आणि हरते. त्याचे शिपाई डब्यातून आले तसे करडेच असतात. त्या खेळाच्या नियमांत सगळी फौज रंगवलेली असेल तर शंभरातले दहा गुण आयते मिळतात, हे मी त्याला वाचून दाखवलं. दहा गुण धरूनही मी हरलेच होते, पण त्याला ते लागलं. पुढच्या रविवारी त्याने करड्या शिपायांचा अख्खा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, “मावशी, तुला नाही तरी हौस आहे.” डबा तिथेच आहे. आधी माझे शिंद्यांचे घोडे व्हायचेत, आणि घोडे मला मुळीच आवडत नाहीत.