आठ माणसांची भाजी

रविवार, रात्रीचे पावणेबारा

आज अखेर 'द डायरी ऑफ अ‍ॅन फ्रँक' पाहिला. जॉर्ज स्टीव्हन्सचा, १९५९चा, कृष्णधवल, जवळजवळ तीन तासांचा. डायरी शाळेत असताना वाचली होती, सिनेमा राहूनच गेला होता. आई शेजारी पेपर पसरून मेथी निवडत होती. इंग्रजी तिला कळत नाही, म्हणून मी मधूनमधून सांगत होते आणि पेपरच्या चुरचुरीने मनातल्या मनात वैतागत होते. या सिनेमात आवाजालाच तर किंमत.

अ‍ॅमस्टरडॅममधली २६३ नंबरची इमारत. खाली गोदाम, ऑफिस. मागे पुस्तकांच्या कपाटाआड जिना. ६ जुलै १९४२ला ज्यू असलेलं फ्रँक कुटुंब नाझींपासून तिथे लपलं, पुढे आणखी चौघं आली. दिवसभर खाली कामगार, म्हणून पायात बूट नाहीत, नळ सोडायचा नाही, संडासात पाणी ओढायचं नाही. एका प्रसंगात खाली झडती चाललेली असते आणि वर मांजराचं तोंड नरसाळ्यात अडकतं. मांजर कडेकडेला सरकतंय, आठही जण श्वास रोखून. माझं लक्ष गेलं तर आईचा हात मेथीच्या जुडीवरच थांबलेला. "पडतंय बघ आता," ती चक्क कुजबुजली. आपल्याच घरात!

त्यानंतर मेथी बाजूलाच राहिली. मध्येच विचारते, "यांना भाजीपाला कोण आणून देत होतं गं?"

डायरी वाचली तेव्हा मला हा प्रश्न पडला नव्हता. पडलं होतं ते अ‍ॅन आणि तिच्यासोबत लपलेल्या पीटरचं काय होणार, हे. सिनेमात मीप आणि क्रालर येऊन जातात तेवढेच. प्रत्यक्षात मदत करणारे खालच्या ऑफिसातलेच चौघं होते: मीप, बेप, क्लायमन, कूग्लर (सिनेमातला क्रालर). शिवाय मीपचा नवरा यान. कपाट बनवलं ते बेपच्या वडिलांनी. सगळं रेशनवर, आणि जी माणसं कागदोपत्री नाहीतच त्यांची कूपनं चोरून मिळवायची. भाजी आणायची मीप. भाजीवाल्याने स्वतःच्या घरी दोन ज्यू लपवले होते. मे १९४४मध्ये तो पकडला गेला. अ‍ॅनने ते लिहिलंय, आणि लगेच घरातला हिशेबही: आता सकाळची न्याहारी बंद.

शेवट मला पटला नाही. स्टीव्हन्स युद्धात कॅमेरा घेऊन नाझींच्या दाखाऊ छळछावणीत गेलेला माणूस, त्याने काय पाहिलं असेल! तरी सिनेमा थांबतो तो 'माणसं मनाने चांगलीच असतात' या वाक्यावर. डायरीत ते १५ जुलै १९४४च्या नोंदीत आहे, पण तिथे ती थांबत नाही. लगेच पुढे तिला जवळ येणारा गडगडाट ऐकू येतो, आपल्यालाही संपवणारा. वीसच दिवसांनी धाड पडली. वाक्याचं अर्धंच सत्य उचललं, असं वाटत राहिलं.

आईला या वादात रस नव्हता. "त्या मीपचं काय झालं?"

सांगितलं. तिला पकडलं नाही. उलट दुसऱ्यातिसऱ्या दिवशी हीच बाई पैसे देऊन त्यांना सोडवता येतं का बघायला पोलिसांकडे गेली. जमिनीवर पडलेले डायरीचे कागद गोळा करून न वाचता ड्रॉवरमध्ये ठेवले. आठांपैकी एकटे अ‍ॅनचे वडील परत आले, त्यांना दिले. २०१०मध्ये वारली, शंभर वर्षांची होऊन.

"शंभर? बरं झालं," आई म्हणाली आणि पेपर जवळ ओढून पुन्हा पानं खुडायला लागली. मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता:

"आठ माणसं म्हणजे मेथीच्या चार-पाच जुड्या तरी. पिशवी केवढी दिसते. जिन्यात कोणीतरी विचारतंच गं, पाहुणे आलेत का म्हणून."