पुरुषांनी उंच टाचा घालून सोलापुरात बाहेर पडायचं तर

उंच टाचेचे बूट घालून बाहेर पडायचं ठरवलेल्या पुरुषाला लोकांची भीती वाटते, आणि ती वाटणं साहजिक आहे. पण माझं ठाम मत आहे की या भीतीत मोठा वाटा पायांचा असतो. पाऊल डगमगलं की मान खाली जाते, खांदे आकसतात, चाल बिचकते आणि बघणाऱ्याचं लक्ष नेमकं त्या बिचकण्याकडे जातं. म्हणून धीर एकवटण्याआधी माप घ्या. ही आवड का आहे, याचं उत्तर तुम्ही कोणालाही देणं लागत नाही. ज्याला आवडतं त्याला ते न पडता, पाय न दुखवता घालता यावं, यासाठी हे लिहितो आहे.

माप संध्याकाळी घ्यायचं. दिवसभरात पाऊल थोडं सुजतं, आणि एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा जास्तच. जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा आणि सगळ्यांत पुढे आलेल्या बोटाशी खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही. दोन्ही पाय मोजून मोठा धरायचा. या लांबीत दीड सेंटीमीटर मिळवा आणि बेरजेला दीडने गुणा, की युरोपियन नंबर मिळतो. २६ सेंमी पाऊल असेल तर साधारण ४१, २७ सेंमी असेल तर ४३ च्या आसपास. दुकानातला '८ नंबर' पुरुषांच्या आणि बायकांच्या बुटांत एकच असेल असं गृहीत धरू नका. कंपनीगणिकही तो बदलतो.

खरी अडचण लांबीची नाही, रुंदीची आहे. बायकांचे बूट ज्या फर्म्यावर (पावलाच्या आकाराच्या साच्यावर) बनतात तो चवड्याशी अरुंद असतो. चवडा आवळतो म्हणून बहुतेक जण एक-दोन नंबर मोठा बूट घेतात आणि तिथेच फसतात. मोठ्या बुटात पाऊल उतारावरून पुढे घसरतं, बोटं टोकाशी चेपतात, मागे टाच मोकळी होऊन प्रत्येक पावलाला निसटते. मग बूट धरून ठेवायला बोटं आखडली जातात, आणि थोड्याच वेळात पोटऱ्या भरून येतात. चवड्याचा घेर टेपने मोजून तो दुकानदाराला सांगा. टोकदार नाकाऐवजी गोल किंवा चौकोनी नाकाचा बूट घ्या, आणि घोट्याला पट्टा असलेला घ्या. पट्टा पावलाला मागे धरून ठेवतो, त्यामुळे नंबर वाढवण्याची गरज उरत नाही.

पहिली टाच ५ सेंटीमीटरची आणि ब्लॉक असावी. जमिनीला टेकणारा तिचा भाग निदान ३ सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद हवा. पेन्सिल हील पहिल्यांदाच घेऊ नये, कितीही सुंदर दिसली तरी. वेज (टाचेपासून पुढेपर्यंत सलग भरीव तळ) स्थिर वाटते, पण तिचा तळ कडक असतो. पाऊल वाकत नाही आणि खडबडीत रस्त्यावर घोटा अख्खा मुरगळतो. प्लॅटफॉर्म असेल तर मागच्या उंचीतून पुढची जाडी वजा करायची. मागे १० सेंमी आणि पुढे २.५ सेंमी असेल तर पायाला जाणवणारी चढण ७.५ सेंमीचीच. एक गोष्ट मात्र पुरुषांच्या बाजूची आहे: पाऊल लांब असलं की त्याच उंचीला उतार कमी तिरका होतो. २३ सेंमीच्या पावलाला जी टाच कडक वाटते, ती २७ सेंमीच्या पावलाला सौम्य वाटते.

उलट बाजूने, वजन जास्त असेल तर बुटाची बांधणी तपासावीच लागते. बूट टेबलावर ठेवून टाचेला बोटाने हलकेच ढकला. डुलला तर परत द्या. मग नाक आणि टाच दोन हातांत धरून वाकवून बघा. बूट फक्त चवड्याशी वाकला पाहिजे. मधल्या कमानीत वाकत असेल तर आतली स्टीलची पट्टी नाही किंवा कमजोर आहे, आणि अशा बुटाची टाच वजनाखाली मागे कलते. शेवटची परीक्षा पायात घालून: सरळ उभे राहा आणि त्या बुटातच टाचा उचलून चवड्यांवर आणखी उंच व्हा. दोनेक सेंटीमीटर सहज वर जाता आलं तर ती उंची तुमच्या घोट्याला झेपते. अजिबात उचलता येत नसेल, तर तुमचा घोटा आधीच शेवटच्या टोकाला पोचलेला आहे. त्यापेक्षा कमी टाच घ्या.

नवी पेठेत खरेदीला जायचं तर दुपारी चार-पाचच्या सुमाराला जावं. पाऊल बऱ्यापैकी सुजलेलं असतं आणि संध्याकाळची झुंबड सुरू झालेली नसते. "वहिनींसाठी का?" असं विचारलं जाईल. "नाही हो, मलाच पाहिजे. ४२ मध्ये ब्लॉक हील दाखवा, घालून बघतो," एवढं सरळ सांगितलं की पुढचं बोलणं मापाचं आणि भावाचं होतं. बायकोसाठी म्हणून नेलं की घालून बघता येत नाही, आणि न घालता घेतलेली हील बहुधा कपाटातच राहते. दुकानात साधारण ४१ च्या पुढचा माल कमी असतो. त्यापुढे ऑनलाइन, किंवा मापाने बूट बनवून देणाऱ्या कारागिराकडे जायचं. कारागिराला पावलाची लांबी, चवड्याचा घेर, घोट्याचा घेर आणि टाचेची उंची या चार गोष्टी लिहूनच द्या.

नवे बूट तसेच पायात घालून निघू नका. गुळगुळीत तळ टाइल्सवर घसरतो. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चवड्याखालचा भाग आडवा घासा, किंवा बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडून पातळ रबरी हाफ सोल लावून घ्या. टाचेखालची टोपी कडक प्लास्टिकची असेल तर तीही रबराची करून घ्यावी. फरशीवरची खटखट निम्म्याने तरी कमी होते, आणि सुरुवातीला याच आवाजाने सगळ्या माना वळतात. टोपी झिजून आतला खिळा दिसायला लागला की ताबडतोब बदला, कारण खिळा घसरतोच. आत चवड्याखाली जेलची छोटी गादी ठेवा. पूर्ण लांबीची ठेवली तर बूट आणखी घट्ट होतो.

पायांची तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी. भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीला चिकटवून पोटरीचा ताण, ३० सेकंद, प्रत्येक पायाला तीन वेळा. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा वर-खाली, दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या. खाली येताना सावकाश. एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, जमलं की डोळे मिटून, पण भिंतीजवळ. आणि सोलापुरी टॉवेल जमिनीवर पसरून तो बोटांनी आपल्याकडे ओढत आणायचा. तळव्याचे बारीक स्नायू यानेच जागे होतात. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल, किंवा घोट्याचा जुना अस्थिभंग असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये.

चालण्याचा सराव घरातल्या शहाबादी फरशीवर उत्तम होतो. ती टाइल्सइतकी निसरडी नसते. रोज १५-२० मिनिटं पुरेत. नेहमीच्या पावलापेक्षा पाऊल साधारण एक तृतीयांश आखूड टाकायचं. टाच आधी टेकते, लगेच चवडा येतो, मग वजन पुढे सरकतं. दोन्ही एकदम आपटले की घोड्यासारखी टापटाप होते. गुडघे ताठही नकोत आणि वाकलेलेही नकोत. गुडघे वाकवून, कंबर मागे काढून चालणं ही पुरुषांत सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. तिचं कारण लाज नसतं. टाच झेपत नसते किंवा पोटरी आखडलेली असते. उंची कमी करा, ताण वाढवा, ती आपोआप जाते. दुसरी चूक, रॅम्पवरच्या मॉडेलसारखी पावलं एका रेषेत ओढणं. त्याने तोल जातो. दोन पावलं दोन समांतर रेषांवर, जवळजवळ ठेवा. नजर आठ-दहा फूट पुढे. जिना चढताना चवडा पूर्ण पायरीवर हवा. उतरताना कठडा धरून, अंग थोडं तिरकं करून. घाई झाली तर बूट हातात घ्यावेत, त्यात कमीपणा नाही.

आता आपलं गाव. उन्हाळ्यात भर दुपारी डांबर मऊ पडतं आणि बारीक टाच त्यात रुतते. पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि गटाराच्या जाळ्या हे पेन्सिल हीलचे शत्रू. ब्लॉक हील तिथून निभावते. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत होम मैदानावर गर्दी आणि धूळ दोन्ही असतात, तिथे सपाट चप्पलच बरी. दुचाकीवर टाचा नकोतच, कारण टाच गिअरच्या किंवा ब्रेकच्या पायट्यात अडकते आणि सिग्नलला जमिनीवर पाय टेकताना घोटा फिरतो. बूट पिशवीत न्या आणि पोचल्यावर घाला. ते डिकीत मात्र विसरू नका, उन्हात तिथे सोल चिकटवलेलं गोंद सुटतं. आणि आपल्याकडे दर घराच्या उंबऱ्याशी, सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाताना, बूट काढावे लागतातच. बारीक बकलशी वाकून झटापट करताना माणूस सर्वांत अवघडतो. पट्ट्याला इलॅस्टिक किंवा बाजूला चेन असेल असाच बूट घ्या.

पँटची लांबी बूट घालूनच टेलरला दाखवायची. मागची कड जमिनीपासून एक-दीड सेंटीमीटर वर हवी. लांब असली तर टाच तिच्यात अडकते, आखूड असली तर बूट उघडा पडतो. सरळ किंवा खाली थोडी सैल पँट पहिल्या काही वेळांना सोयीची: चाल मोकळी राहते, आणि किती दाखवायचं ते तुमच्या हातात राहतं.

पहिल्यांदा बाहेर पडताना रात्रीचा सुनसान रस्ता निवडू नये. बहुतेकांना तोच सुरक्षित वाटतो, पण अंधारात खड्डा दिसत नाही आणि कोणी त्रास दिला तर मदतीलाही कोणी नसतं. आधी गच्ची, मग इमारतीचा जिना आणि आवार, मग दिवसाउजेडी मध्यम वर्दळीची, सपाट फरशीची जागा. वीस मिनिटं, सोबत एखादा मित्र, पिशवीत चप्पल. त्याच जागी पुन्हा पुन्हा जा. एकाच ठिकाणचे लोक दोन-तीनदा बघतात आणि मग त्यांचं कुतूहल ओसरतं. दरवेळी नवी जागा निवडली तर दरवेळी नव्या नजरांना तोंड द्यावं लागतं.

लोक बघतील. त्याला उपाय नाही, आणि बघणं म्हणजे हल्ला नव्हे. "काय बे, हे काय घातलायस?" असं कोणी विचारलंच तर "हील आहे, आवडते," एवढं म्हणून चालत राहा. खुलासा लांबला की समोरच्याला वाटतं आपल्याला जाब विचारायचा हक्क आहे. घोळका मागे लागला तर उत्तर न देता जवळच्या दुकानात शिरा. टाचा घालून पळता येत नाही हे लक्षात असू द्या. गरज पडली तर ११२ वर पोलिसांना फोन करा. कोणी फोटो काढत असेल तर एकदा स्पष्ट शब्दांत मना करा, मोबाइल मात्र हिसकावू नका.

"हे बायकांचं आहे" या आक्षेपाला इतिहासाचं उत्तर सरळ आहे. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय पक्का राहावा म्हणून टाचेचे बूट घालत. सतराव्या शतकात ती टाच युरोपातल्या सरदारांच्या पायांत आली, आणि फ्रान्सचा राजा चौदावा लुई १७०१ मधल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात लाल टाचांच्या बुटांत उभा आहे. फार मागे कशाला, १९७० च्या दशकात बेलबॉटमखाली आपल्याकडचे तरुणही जाड तळाचे उंच बूट घालत. घरातल्या जुन्या अल्बममध्ये सापडतील. कायद्याचं म्हणाल तर पुरुषाने हील घालण्याला कुठलीही बंदी नाही. २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपला लिंगभाव पोशाखातून व्यक्त करणं हे घटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्तीत धरलं. तो खटला तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा होता, पण पोशाख ही अभिव्यक्ती आहे हे त्यातून ठळक झालं.

घरच्यांना मात्र बाहेरच्यांच्या आधी सांगा. आईला किंवा बायकोला शेजारणीकडून कळलं तर दुखावतं ते लपवणं, बूट नव्हे. बूट दाखवा, घालून चार पावलं चालून दाखवा. चाल सरावाची दिसली की काळजी निम्मी होते. नोकरीच्या ठिकाणी गणवेशाचा नियम असेल तर तो आधी वाचा.

उंची वाढवायची घाई नको. ५ सेंमीवर दोन तास उभं राहून, जिना उतरून, गुडघे न वाकवता परत येता आलं की मगच ७ किंवा ७.५ कडे जा, आणि तेव्हाही सराव पुन्हा घरातूनच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही चवड्यात टोचल्यासारखं दुखत असेल, किंवा तिसऱ्या-चौथ्या बोटात मुंग्या येत असतील, तर तिथली नस दाबली जात असावी. रुंद नाकाचा बूट घ्या, उंची उतरवा, आणि तरीही थांबलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बूट काढल्यावर लगेच पोटरीचा तो ३० सेकंदांचा ताण पुन्हा घ्यायचा. रोज तासन्‌तास टाचा घालून तो चुकवला तर पोटरीचे स्नायू हळूहळू आखूड होतात आणि मग सपाट चप्पल घालूनच दुखायला लागतं.