लाल रिक्षा, कारकुनाची कवटी: ऑगस्टचं काम

मंडळी, वॉरहॅमर ४०,००० या टेबलावर छोट्या रंगवलेल्या बाहुल्यांच्या सैन्यांनी खेळायच्या युद्धखेळासाठी जुलैत हाती घेतलेलं काम ऑगस्टअखेर कुठवर आलं ते सांगतो. ऑर्कांची, म्हणजे खेळातल्या हिरव्या दांडग्या परग्रहवासीयांची, गाडी पूर्ण. दहा गार्ड्समनपैकी (माणसांचे साधे सैनिक) सहा पूर्ण, चौघांचे चेहरे बाकी. पडक्या कचेरीचं टेरेन, म्हणजे टेबलावर मांडायचा देखावा, अर्ध्यावर आहे, आणि आज मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचंय.

आधी गाडी. राणीपुऱ्यातून खेळण्यातली प्लॅस्टिकची ऑटोरिक्षा आणली, मागचं सीट कापून काढलं आणि जुन्या किटमधली उरलेली तोफ तिथे बसवली. चिलखताला कोल्डड्रिंकच्या कॅनचा पत्रा. पत्रा उलटा धरून बोथट सुईने हलके दाबत गेलं की पुढच्या अंगाला रिव्हेटसारखे टिपके उठतात. जोर जास्त झाला की भोक पडतं. दोन पत्रे त्यातच गेले. प्रायमरचा स्प्रे मी भर पावसाळ्यात गच्चीवर मारला, ती चूक झाली. हवेतल्या ओलीने अख्खा थर दाणेदार झाला, पिठीसाखर भुरभुरवल्यासारखा. आयसोप्रोपाइलमध्ये बुडवून टूथब्रशने घासून काढला आणि दुसऱ्यांदा ब्रशनेच लावला. मग लाल, कडांना नारिंगी, फटींत तपकिरी वॉश (पातळ रंग), आणि स्पंजच्या तुकड्याने रंग उडाल्याच्या खुणा. लालच का, हे ऑर्क खेळणाऱ्याला विचारू नये. लाल गाडी जोरात पळते, कारण तमाम ऑर्कांना तसं वाटतं, आणि त्यांच्या वाटण्यात तेवढी ताकद आहे.

हा विनोद पहिल्या दिवशी आलेल्यालाही कळतो. वॉरहॅमर ४०,०००मधला दुसरा विनोद याहून मोठा, आणि तो कळायला वेळ लागतो.

२०१८ साली आम्ही पाच जण होतो. लोकमान्य नगरात एकाच्या वरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर प्लायवुड टाकून खेळायचो, खालून काकूंचे पोहे यायचे. इम्पेरियम, म्हणजे या खेळातलं माणसांचं साम्राज्य, हे सोंग आहे, हे आम्हा पाचांनाही ठाऊक होतं. १९८७ साली रिक प्रीस्टलीने 'रोग ट्रेडर' हे या खेळाचं पहिलं पुस्तक लिहिलं, तेव्हा '२००० एडी' या ब्रिटिश कॉमिकचं, त्यातल्या जज ड्रेडचं वारं त्याला लागलेलं होतं. त्या पुस्तकात एका इन्क्विझिटरचं, म्हणजे पाखंडी शोधणाऱ्या अधिकाऱ्याचं, नावच ओबीवान शेरलॉक क्लूझो आहे! सम्राट दहा हजार वर्षं सिंहासनावर जवळजवळ प्रेत होऊन बसलाय, त्याच्यापायी रोज हजार माणसं बळी जातात, यंत्र का चालतं हे कुणाला माहीत नाही आणि विचारलं तर पाखंडी ठरवून जाळतात. माणसाने उभं केलेलं सगळ्यांत वाईट राज्य कसं असेल, याचं ते चित्र आहे.

आता रविवारी वीस-बावीस जण जमतात. सप्टेंबर २०२४मध्ये 'स्पेस मरीन २' हा व्हिडिओ गेम आला आणि दर महिन्याला एखाद-दुसरा नवा चेहरा दिसायला लागला. त्याच वर्षी डिसेंबरात हा खेळ बनवणारी कंपनी गेम्स वर्कशॉप लंडनच्या शेअर बाजारात एफटीएसई १००मध्ये, म्हणजे तिथल्या शंभर बड्या कंपन्यांत, गेली. म्हणजे हे वारं सगळीकडेच आहे. मला या गर्दीचा मनापासून आनंद आहे. रंगांचं पार्सल एकत्र मागवतो, त्यामुळे खर्च वाटला जातो. ४४ बाय ६० इंचाची तीन टेबलं मांडली जातात. पूर्वी मी वर्षभर एकाच नेक्रॉन (यांत्रिक सांगाड्यांच्या) सैन्याशी हरत होतो, आता दर आठवड्याला समोर वेगळा गडी. नव्यांतल्या दोघी मुली डोळे असे रंगवतात की आम्ही जुने बघत राहतो.

पण जूनमध्ये एक कॉलेजचा मुलगा, हातात निळ्या चिलखताचे स्पेस मरीन, म्हणजे इम्पेरियमचे महाबली योद्धे, घेऊन, मला अगदी मनापासून म्हणाला, "दादा, इम्पेरियमचं बरोबरच आहे ना? इतकं कडक नसतं तर माणसं टिकलीच नसती." टेबलाभोवतीचे तिघे-चौघे मान हलवून राहिले होते. मला ते लागलं.

आमच्यातल्या जुन्यांपैकी काहींनी यावर उपाय काढला तो म्हणजे नव्यांची तोंडी परीक्षा. अमुक प्रायमार्क (स्पेस मरीनांचा मूळ सेनापती) कोण, तमुक वर्षी काय झालं. मला हे मुळीच पटत नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. मी स्वतः २००४च्या 'डॉन ऑफ वॉर' या कॉम्प्युटर गेममधून आलो. पुढच्या भागात कमिसार, म्हणजे सैनिकांवर धाक ठेवणारा अधिकारी, आपल्याच सैनिकाला गोळी घालतो आणि उरलेले जोमाने लढतात; ते बटण मी कितीतरी वेळा दाबलं आणि मला त्यात फक्त ताकद दिसली. त्या बटणात काय भयंकर गोष्ट सांगितली आहे हे मला नंतर एका मित्राने मिनिएचर रंगवता रंगवता समजावलं. त्याने परीक्षा घेतली असती तर मी उठून गेलो असतो.

रंगपंचमीच्या आधी आपल्याकडे बजरबट्टू असतं. कुणी काय वेष घेऊन येतं, काय वाट्टेल ते बोलतं, आणि इंदूरचं पोरसुद्धा त्याला खरं समजत नाही, कारण ते बापाच्या खांद्यावर बसून हे बघत मोठं झालेलं असतं. नुसता फोटो बघणाऱ्या परगावच्या माणसाला मात्र ते कळायचं नाही. नव्या खेळाडूंचं तेच होतं. त्यांच्यापर्यंत फोटो पोचतो, खांदा पोचत नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये कंपनीने जाहीर लिहिलं की इम्पेरियम द्वेषावर चालतं, वॉरहॅमर नाही, आणि द्वेषाची चिन्हं अंगावर घेऊन येणाऱ्याला स्पर्धेतून बाहेर काढू. ते लिहिलं हे उत्तमच केलं. पण पाकिटावर झळकतो तो सोनेरी गरुड लावलेला देखणा वीर, आणि पोरं पाकीट आधी बघतात.

म्हणून ही कचेरी. ॲडमिनिस्ट्रेटम, म्हणजे इम्पेरियमचं कागदी पोट. फोमबोर्डच्या दोन भिंती, मधे कोसळलेला जिना, आणि भिंतीपर्यंत रचलेल्या फायली: जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या चार मिलिमीटरच्या पट्ट्या, बांधायला लाल दोरा. आतापर्यंत तीनशेच्या वर गठ्ठे झाले. छत उडालंय, बाहेर लढाई चालू आहे आणि आत एक कारकून शिक्का मारतोय. त्याच्या डोक्यावर तारेवर तरंगणारी सर्वो-कवटी (यंत्र बसवलेली माणसाची कवटी), जेमतेम सेंटिमीटरभर. हाडाचा रंग, त्यावर सेपिया वॉश, एका डोळ्यात लाल ठिपका, आणि दातांत मी कागदाचा कपटा चिकटवलाय.

तो मुलगा मागच्या रविवारी ती कवटी भिंगातून बघत होता. "भारी झालीये दादा. कुणाची आहे?"

"याच्याच आधीच्या कारकुनाची. प्रामाणिक नोकरी केली, म्हणून मेल्यावर हा मान मिळतो."

तो भिंग धरून तसाच राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मेल्यावरही सुट्टी नाही?"

"नाही."

"आणि यालाही माहितीये, की आपलंही हेच होणार?"

"तो त्याच आशेवर काम करतोय."

त्याने भिंग खाली ठेवलं आणि हसला, पण तोंड जरा उतरलेलं होतं. थोड्या वेळाने स्वतःहून म्हणाला की टेबलाच्या मागे अजून एक रिकामं टेबल ठेवा, पुढच्या कारकुनासाठी. हे मला सुचलं नव्हतं. ते टेबल तोच करतोय, आइस्क्रीमच्या काड्यांचं.

सप्टेंबरात चार चेहरे, जिन्याचा कठडा आणि आणखी दोनशे गठ्ठे. लाल दोरा संपत आलाय. कुणी सियागंजकडे जाणार असेल तर एक रीळ घेऊन या, पैसे रविवारी देतो.